काचेवरचे छप्पर

कार्तिक शुद्ध ५, शके १८३४

देशमुखांची काच आली. सेलूच्या टेसनावरून चार गाड्या. कडब्यात गुंडाळलेली, वर गोधड्या, गोधड्यांवर चादर. एवढी काळजी मोहनराव देशमुखांनी स्वतःच्या आईची घेतली असती तर म्हातारी अजून जगली असती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या. आवाजाने काच तडकते म्हणे! हा शोध रामकिसन कारभाऱ्याचा.

आता देशमुखांच्या परसात काचेचे घर होणार. माणसांना राहायला नव्हे — झाडांना! मोहनरावांनी हैदराबादेत कुण्या नवाबाच्या बागेत तसे पाहिले. गोऱ्या साहेबाच्या मुलखात बर्फ पडते, तिथली झाडे काकडतात, म्हणून त्यांना काचेत ठेवतात. इकडे माजलगाव भागात बर्फ कधी पडले? असे विचारायचे नसते. मी विचारले नाही.

झाडे झाकण्याचे मला काय नवल! चाळीस वर्षे पानमळा करतो. शेवरीचे खांब, बांबूचा मांडव, वर शिंदीच्या फांद्या आणि उसाचे पाचट, चहूबाजूंनी तुराट्यांचे कूड. भर उन्हाळ्यात आत देवळासारखा गारवा. पानवेलीला ऊन नको, वारा नको, मोठ्याने बोललेलेही नको. माझेही काम झाकण्याचेच. फरक इतकाच, की माझे छप्पर बघायला गाव लोटत नाही.

कार्तिक शुद्ध ६

गाव लोटले. मीही जाऊन आलो. लांबून.

दानम्मा म्हणते, "अवं, त्यांची काच, त्यांचं परस. तुमच्या पोटात कावून दुखायलंय?"

पोटात दुखत नाही. छातीत धडधडते. चाळीस वर्षे संसार करून बायकोला नवऱ्याचे दुखणे कुठे आहे ते कळत नाही.

कार्तिक शुद्ध ९

बोलावणे आले. धडधडत होते ते उगीच नव्हे.

मोहनराव झोपाळ्यावर. "या गुरुपादअप्पा, शरणार्थ!" आमच्या लिंगायतांचा नमस्कार मोठ्या थाटात केला. देशमुख आपणहून शरणार्थ घालतो तेव्हा आपल्याकडून काहीतरी निघणार असते.

"काचघरात पानमळा करायचा हाय. बेणं तुमी द्यायचं."

"मालक, काचेत पानवेल? तिला सावली लागते."

"वर छत हाय, बाजूनं भिंती हायेत. आनिक काय पायजे?"

छतातून सूर्य दिसतो, हे सांगायचे धाडस झाले नाही.

"उन्हाळ्यात निजाम सरकारचे मोठे साहेब दौऱ्यावर येनार," मोहनराव म्हणाले. "भर उन्हाळ्यात आपल्या काचेतलं हिरवंगार पान त्यांच्या हातावर ठेवायचं. हैदराबादेपर्यंत नाव झालं पायजे." मग झोपाळा थांबवून, हसत हसत — "अन् हे जमलं, म्हंजे तुमच्या मळ्याला पानी द्यायची कटकट न्हाई. विहिरीचं पानी उसाला वळवू. तुमी बी थकलाव. आराम करा."

मळा माझा, विहीर त्यांची. आजोबांच्या काळापासून हे असेच चालत आले. पाणी थांबले तर मळा पंधरवड्यात चुलीत घालायच्या लायकीचा होईल. आजोबांनी वेल लावली, वडिलांनी वाढवली, मी आराम करून मारायची!

घरी न जाता मळ्यात जाऊन बसलो. चढाने दमलो असेन.

कार्तिक शुद्ध ११

बेणे दिले.

बेणे घ्यावे वेलीच्या शेंड्याकडचे, जोमाचे. मी घेतले मळ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यातले, जिथे मर लागली आहे — जून, बुडख्याचे, देठ काळे पडलेले. ओल्या फडक्यात नीट गुंडाळले, टोपलीत रचले, वर भस्माची बोटे ओढली. दिसायला असे दिसत होते, की मीही फसलो असतो.

टोपली रुद्रप्पाच्या डोक्यावर दिली. रुद्रप्पा माझा एकुलता एक. तीस उलटली तरी तोंड उघडायला ह्याला मुहूर्त लागतो. टोपलीत डोकावला आणि उभाच राहिला.

"अप्पा... हे?"

"हे."

"हे लावू?"

"नाही, आरती ओवाळ! चल निघ."

गेला. देशमुखांना बेणे पाहिजे होते, मी बेणे दिले. कुठल्या कोपऱ्यातले ते त्यांनी विचारले नाही. काचघर फसले की पाणी आपले राहील. मी काय त्यांच्या काचेवर दगड मारला?

कार्तिक वद्य ४

लावलेल्या वाफ्यांवर काचघर उभे राहिले. ऊन पडले की सारी गल्ली डोळ्यांवर हात घेऊन चालते. देशमुखांचा खिलारी बैल काचेत स्वतःला बघून शिंगे रोखून उभा राहिला, हलेना. रामकिसनने मध्ये उभे राहून बैलाची समजूत घातली. शेवटी काचेला तिकडून चादर लावली. आल्या दिवसापासून काचेला झाकावे लागते आहे!

रुद्रप्पाला देशमुखांनी तिथे वेलींच्या कामाला सकाळचा ठेवून घेतला. हा काही बोलला नाही. ह्याने नाही म्हणायचे ठरवले तरी तो शब्द बाहेर पडेपर्यंत सुगी होईल.

मार्गशीर्ष शुद्ध २

अजून कोंब नाही असे रामकिसन सांगत होता. तोंड पाडून. मीही पाडले.

मार्गशीर्ष शुद्ध १०

कोंब आले! सगळ्या वाफ्यांना! मी रुद्रप्पाला दोनदा विचारले. म्हणाला, "आले."

मर लागलेल्या बुडख्याला कोंब! असेल. मरायच्या आधी माणूसही एक दिवस उठून भाकरी मागतो.

पौष शुद्ध ३

थंडी. माझ्या मळ्यात पाने पिवळी पडायला लागली. रोज सकाळी खाली गळालेल्यांचा सडा. दरवर्षी पडतो, पण यंदा जास्त वाटतो. उत्तरेच्या कुडाला आतून जुनी पोती लावली. तरी वारा कुठून शिरतो कळत नाही. उंदराने दोऱ्या कुरतडल्या असतील का? उंदीर देशमुखांचा तर नसेल?

दानम्मा म्हणाली, "उंदराला काय जहागिरी दिली व्हय त्यांनी?"

हसण्यासारखे काही नाही. बाजारात माझ्या पानाला तांबोळी नाक मुरडतो आणि काचेत म्हणे वेली कमरेएवढ्या झाल्या.

पौष शुद्ध ७

राहवले नाही. काचघर आतून पाहिले.

बाहेर अंगावर घोंगडी, आणि आत पाऊल टाकले तर चुलीपाशी बसल्यासारखी ऊब. काचेवर आतून दहिवर. आणि वेली! शेवरीला लव्हाळ्याने बांधलेल्या, एकीलाही पिवळे पान नाही. तळहाताएवढी पाने, तकतकीत, जणू तूप चोळले आहे. मी एक पान उलटे करून पाहिले. शिरा पाहिल्या. देठ वाकवून पाहिला. कट्कन मोडला, ताजा.

रामकिसन पाठीमागे हात बांधून उभा. "काय अप्पा? चाळीस वर्सांत असं बगितलं व्हतं का?"

"देठ जरा नाजूक आहे," मी म्हणालो.

देठ नाजूक नव्हता.

पौष शुद्ध ८

जेवण गेले नाही. कुजके बेणे मी माझ्या हाताने दिले. त्याचे असे पान होते — म्हणजे काच खरी. म्हणजे थंडीच्या दिवसांत मी पोती लावत, कूड लिंपत, वेलींशी बोलत जे काही चाळीस वर्षे केले ते सारे एका बाजूला, आणि चार गाड्या काच दुसऱ्या बाजूला. आणि तराजू तिकडे कलला!

आजोबांना काच ठाऊक असती तर त्यांनी एवढा त्रास कशाला घेतला असता? मला तरी कशाला शिकवला असता?

रुद्रप्पा म्हणाला, "अप्पा, काचंतल्या वेलीचं तुमाला—"

"त्या वेलींचे नाव या घरात काढायचे नाही!"

पोती उचलून मळ्यात निघून गेला. गप्प बसण्यात तो तयार आहे.

माघ वद्य २

देशमुखांकडून विडा आला. काचेतल्या पहिल्या पानांचा. रामकिसन स्वतः घेऊन आला — माझे तोंड बघायला. खावा लागला. मी चावत होतो, तो माझ्या जबड्याकडे बघत होता.

पान कोवळे, चोथा नाही, जिभेला तिखट चटका आणि मागून गोडी. अगदी आपल्या मळ्यासारखी. काचेला चवसुद्धा चोरता येते!

"कसं हाय?"

"बरे आहे," मी म्हणालो. थुंकायला बाहेर गेलो ते तिकडेच बसून राहिलो.

फाल्गुन शुद्ध १४

उद्या होळी. थंडी गेली. माझ्या मळ्यात नवी पालवी धरते आहे. उशिरा, पण धरते आहे. वरचे छप्पर विरळ झाले. जागोजागी उन्हाची नाणी पडतात. पाचटाची गंजी आणून ठेवली आहे. चैत्रात दरवर्षीप्रमाणे वरून नवा थर देऊन शाकारून घेऊ.

देशमुखांच्या काचघराचे दार रामकिसन बंद ठेवतो. "ऊब बाहेर जाते" म्हणतो. फाल्गुन निम्मा सरला, बाबा! ऊब आता तुझे घर विचारत येईल.

चैत्र शुद्ध ३, शके १८३५

आहाहा! काचेतल्या पानांच्या कडा करपल्या. रुद्रप्पाच्या तोंडून काढून घेतले, तो सांगत नव्हता. दुपारी वेली माना टाकतात. पाणी घातले की त्याची वाफ होते.

आज एक भाकरी जास्त खाल्ली. दानम्मा म्हणाली, "लई भूक लागली आज?" म्हटले, हवा बदलली.

चैत्र शुद्ध ५

आणखी करपल्या असणार. मी जाऊन बघायचे काही कारण नाही. उगीच कशाला जाऊ?

चैत्र शुद्ध ६

गेलो.

आत भट्टी. श्वास घेतला तर नाक भाजते. वेली — कोणी मानेला धरून खाली ओढल्यासारख्या. पाने कडेने तपकिरी, मध्ये पापडासारखी. ज्यांची माघात जिभेला गोडी लागली होती तीच ही! शत्रूच्या का असेना, पानवेल अशी तडफडताना बघवत नाही. हात आपोआप पुढे गेला आणि एका वेलीला मी माझ्या उपरण्याची सावली धरून उभा राहिलो. उपरणे केवढे, काचघर केवढे! रामकिसनने पाहिले. पाहू दे.

मोहनराव घामाघूम. मोठे साहेब महिन्याच्या आत येणार असा सांगावा आलेला. परसात मसलत चालली होती. रामकिसनचा सल्ला : आत पंखा बांधावा, दोरी ओढायला माणूस ठेवावा. वेलींना पंखा! पुढे अत्तरही लावील, गजरेही माळील.

मोहनरावांनी माझा हात धरला. चक्क धरला. "गुरुपादअप्पा, ह्या साऱ्या मुलखात तुमच्यावानी जानकार न्हाई. तुमी सांगाल ते करतो."

आता लिहायला लाज वाटते — पण मी विरघळलो. चाळीस वर्षांत हे कोणी म्हणाले नव्हते. म्हणायला कोण होते? वेली बोलत नाहीत, रुद्रप्पाही बोलत नाही.

"वरून शाकारावे लागेल," मी म्हणालो. "काचेवर बांबू, बांबूंवर शिंदी, वर पाचट. हाताएवढा जाड थर. दार सताड उघडे, खाली ओली पोती."

"काचेवर छप्पर?" रामकिसन म्हणाला. "मंग काच कशाला?"

जन्मात पहिल्यांदा तो शहाणपणाचे बोलला आणि त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

"पाचट कुठून आनायचं आता?" मोहनराव म्हणाले. "उसाची फडं कवाच मोकळी झाली, पाचट पेटवून दिलं."

"माझ्याकडे गंजी आहे," कोणीतरी म्हणाले. मीच होतो.

"मालक, पाण्याचे तेवढे..."

"आवो, तुमचं पानी कोन तोडतंय! चला, चला, गाडी जुंपा!"

चैत्र शुद्ध ७

दानम्माने सकाळपासून भांडी आपटली.

"आपल्या मळ्याचं छप्पर चाळनीवानी झालंय. अन् ह्यांनी काय केलं? देशमुखाच्या छपरावर छप्पर घातलं!"

"चार दिवसांत शिंदी आणून आपलेही करतो. गाडी देतो म्हणालेत."

"म्हनालेत!"

हा एक शब्द ती दिवसभर म्हणत राहिली. वेगवेगळ्या सुरांत.

काचघर आता बाहेरून शेळ्यांच्या गोठ्यासारखे दिसते. गाव हसून हसून बेजार. पण आत गारवा आला. संध्याकाळी दोन वेलींनी मान उचलली. मी पाहिली. मीच पहिल्यांदा पाहिली.

चैत्र शुद्ध १४

काचेतल्या वेली सावरल्या. मोहनरावांनी चार माणसांत माझे नाव घेतले.

गाडी मिळाली नाही. गाड्या साहेबाचे तंबू आणायला गेल्या. मग सतरंज्या आणायला. मग कोंबड्या आणायला. साहेबांच्या कोंबड्या गाडीत बसून येतात, माझी शिंदी पायी यायला तयार नाही. रुद्रप्पाने डोक्यावरून दोन भारे आणले. मांडवाच्या एका कडेलाही पुरले नाहीत.

दुपारी मळ्यात बसतो. छपराच्या भोकांतून ऊन येते. वेलींना पाण्याचा हात मारतो. आज आभाळ कोंदलेले होते, वारा पडलेला. मला हे आभाळ आवडत नाही. पण मला तसे काहीच आवडत नाही.

चैत्र वद्य ४

गारा झाल्या. लिहवत नाही.

चैत्र वद्य ५

काल तिसऱ्या प्रहरी आभाळ आधी पिवळे पडले, मग हिरवे. मी मळ्यातच होतो. पहिली गार भोकातून सरळ माझ्या पायापाशी पडली. लिंबाएवढी. मग सगळा आवाजच झाला, दुसरे काही नाही. दानम्मा बांधावरून ओरडत होती, मला तिचे नुसते तोंड उघडलेले दिसत होते. रुद्रप्पाने मला कमरेला धरून बाहेर ओढले. तेवढ्यात मांडव बसला. विरळ छपरावर गारांचे ओझे झाले आणि बांबूंसकट सगळे वेलींवर आले.

आज उपसून पाहिले. शेवरी सोललेली. वेली बुडापासून चिरडलेल्या, पानांचा चिखल झालेला. वास मात्र विड्याचा. सबंध शिवारात विड्याचा वास! गावाच्या तोंडाला पाणी सुटले असेल.

आणि काचघर? रामकिसन धावत सांगायला आला, बिचाऱ्याला आनंद आवरेना. एक काचसुद्धा फुटली नाही! माझ्या पाचटाने सगळ्या गारा झेलल्या. गादीवर पडल्यासारख्या पडल्या म्हणे. मी शाकारलेले छप्पर किती पक्के असते हे आता साऱ्या मुलखाला कळले. फक्त ते माझ्या मळ्यावर नव्हते.

चैत्र वद्य ९

उन्हाने उरलेसुरलेही वाळवले. एकही डोळा जिवंत नाही, शोधून पाहिले. शेजारच्या गावांतून बेणे आणता येईल. पण ती आपली वेल नव्हे. आजोबांची वेल संपली. माझ्या हातून संपली.

काचेतल्या वेली आहेत — पण त्या मर लागलेल्या कोपऱ्यातल्या. ती मर परत माझ्या वाफ्यात घालू? वरून कितीही तकतकीत दिसो, आत काय आहे ते मला ठाऊक. माझ्याच हातचे आहे.

रुद्रप्पा पुन्हा समोर येऊन उभा राहिला. "अप्पा, मला एक—"

"नंतर."

वैशाख शुद्ध २

मोठे साहेब आले.

पहाटेच काचेवरचे पाचट उतरवले, काच राखेने घासून लखलखीत केली. साहेब समोर उभे राहिले, काचेत स्वतःला पाहिले, रुमी टोपी नीट केली. मग आत डोकावले. विडा घेतला. "बहुत उम्दा पान!" म्हणाले. मोहनराव कमरेत वाकले. मी कुडाआड होतो. मलाही वाकल्यासारखे झाले.

मग साहेबांनी काचेवर बोटाने टक्टक् केले. "और ये मकान भी बहुत उम्दा है."

आणि मोहनराव — हैदराबादेत चार दिवस राहून तिथली तहजीब शिकून आलेले — हात जोडून म्हणाले, "हुजूर का ही है!"

तिकडे तशी रीत आहे म्हणतात. पाहुण्याने वस्तूची तारीफ करायची, यजमानाने 'आपलीच आहे' म्हणायचे, पाहुण्याने 'नको नको' म्हणायचे, मग दोघांनी चहा प्यायचा.

साहेब म्हणाले, "शुक्रिया." चहा पिऊन गेले.

वैशाख शुद्ध ५

काच न्यायला साहेबांची माणसे आली. मोहनरावांना वाटले होते साहेब विसरतील. साहेब विसरले नाहीत. कडबा आणि गोधड्या मात्र देशमुखांच्याच घ्या म्हणाले. घुंगरमाळा पुन्हा काढल्या. रामकिसनने मागच्या खेपेचा शोध साहेबांच्या माणसांनाही शिकवला.

मी हसलो नाही. हसू आलेच नाही. वाईट गोष्ट आहे — एवढ्या दिवसांनी हसायची संधी आली आणि आत काही उरले नव्हते.

मोहनराव झोपाळ्यावर, झोपाळा थांबलेला. म्हणाले, "काच गेली. आता त्या वेली बी उपटा. डोळ्यासमोर नकोत. उद्या रामकिसन शेळ्या सोडनार हाय तिथं." मग जरा वेळाने — "तुमच्या मळ्याचं पानी चालूच राहू द्या अप्पा. पान तर लागंलच घरात."

पाणी राहिले! ज्याच्यासाठी सहा महिने जीव टांगला होता ते पाणी राहिले. आता त्या पाण्याने काय भिजवू? वाळलेल्या शेवऱ्या?

"सोडा शेळ्या," मी म्हणालो. "रोगट बेणे ते. मर लागलेले."

रुद्रप्पा तिथेच होता.

वैशाख शुद्ध ६

पहाटे रुद्रप्पा माझ्या वाटेत आडवा उभा राहिला. म्हणाला, आज ऐकल्याशिवाय हलू देनार न्हाई.

मी दिलेली टोपली त्याने कार्तिकातच ओढ्यात ओतली होती. मळ्याच्या मागल्या कुडातून शिरून शेंड्याचे जोमाचे बेणे कापले आणि तेच काचेत लावले. "मर लागलेलं बेणं आपल्या नावानं दुसऱ्याच्या वाफ्यात कसं लावू, अप्पा? हात उचलंना."

चोर! सख्ख्या बापाच्या मळ्यात चोरी!

म्हणजे तिथे उभी आहे ती आजोबांचीच वेल! देशमुखांच्या परसाकडे पळालो. ह्या गुडघ्यांनी. रामकिसन शेळ्या घेऊन दाराशी पोचला होता, मी आत पोचलो होतो. चढते ऊन आणि वर काहीच नाही — मी, दानम्मा, रुद्रप्पा, तिघांनी धोतरे, लुगडी, मिळेल ते ओले करून वर धरले आणि शेंडे कापले. वैशाखात बेणे कोणी लावते का? मी लावले, माझ्या मळ्यात. वर आमचेच पाचट, उतरवून आणलेले.

दानम्माला सांगितले, चोराच्या भाकरीवर तूप वाढ. जास्त.